कधीमधीच अडणारी पिकअप: एका बिघाडाचा माग

चार सिलिंडरची, कॉमन रेल डिझेल इंजिनाची मालवाहू पिकअप. कॉमन रेल म्हणजे पंपाने दाबलेलं डिझेल आधी एका सामायिक नळीत, रेलमध्ये, साठतं आणि तिथून चारही इंजेक्टर ते सिलिंडरमध्ये फवारतात. मालकांची तक्रार अशी: गाडी बहुतेक वेळा पहिल्या सेल्फला उचलते, पण मधूनच एखाद्या सकाळी आठ-दहा सेकंद सेल्फ मारूनही दाद देत नाही. थांबून थांबून दोन-तीनदा मारला की धडधडत चालू होते, क्षणभर अडखळते आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. ताकद पूर्ण, ॲव्हरेज नेहमीचं, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही.

गाडी माझ्याकडे येण्याआधी बॅटरी नवी टाकून झाली होती. त्यानंतर काही दिवस बरे गेले, म्हणून बॅटरीच खराब होती असं सगळ्यांनी धरून चाललं. पुन्हा अडली तेव्हा गार इंजिनात सिलिंडर तापवणारे चारही हीटर प्लग बदलले. पुन्हा काही दिवस बरे गेले. तिसऱ्या वेळी सल्ला मिळाला की इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप उतरवून खोलावे लागतील. खर्चाचा आकडा ऐकून मालक थांबले, हे फार बरं झालं. कधीमधी येणाऱ्या बिघाडात हा घोळ हमखास होतो. कोणताही पार्ट बदला, पुढचे काही दिवस गाडी नीटच चालणार, कारण ती तशीही नीटच चालणार होती. नव्या पार्टला फुकटचं श्रेय मिळतं आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

सेल्फ फिरतो, मग अडतं कुठे?

‘गाडी लवकर चालू होत नाही’ या एका तक्रारीखाली निदान तीन वेगवेगळे बिघाड येतात. सेल्फ जड फिरत असेल तर बॅटरी, टर्मिनल, अर्थिंगची केबल किंवा सेल्फच बघायचा. सेल्फ झपाट्याने फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तर डिझेलचा पुरवठा, सेन्सर, इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा). पेट घेतं आणि दोन सेकंदांत बंद पडतं, तर त्याचा रस्ता आणखी वेगळा. गाडी माझ्यासमोर अडायला तयार नव्हती, म्हणून मालकांनाच सांगितलं, “पुढच्या वेळी अडली की फोनवर सेल्फचा आवाज रेकॉर्ड करा. आणि कुणाला तरी सायलेन्सरपाशी उभं करा, धूर येतो का ते बघायला.”

धुराचं निरीक्षण फुकटात होतं, आणि स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावण्याआधीच अर्धं काम करून टाकतं. सिलिंडरमध्ये डिझेल जातंय पण जळत नाही, अशा वेळी सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढुरका धूर येतो आणि कच्च्या डिझेलचा वास सुटतो. मग हीटर प्लग, कॉम्प्रेशन, इंजेक्टरचा फवारा यांच्याकडे वळायचं. डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नसेल तर सायलेन्सर कोरडा राहतो. काही दिवसांनी रेकॉर्डिंग आलं. सेल्फचा आवाज एकसारखा, चांगल्या वेगाचा. सेल्फ मारताना धूर अजिबात नाही, इंजिनाने उचललं तेव्हा मात्र एकच पांढरा झोत आणि थोडा वेळ लटपट. म्हणजे बॅटरी आणि हीटर प्लग, ज्यांच्यावर आधीच पैसे गेले होते, ते दोन्ही संशयाच्या बाहेर पडले. त्या सकाळी इंजेक्टरमधून डिझेल बाहेरच पडत नव्हतं.

मालकांचं मत ठाम होतं: “हे थंडीचंच आहे. गार सकाळीच होतं.” मी म्हटलं, “असेल. पण रोज लिहून ठेवा, न अडल्याच्या दिवशीसुद्धा.” एका वहीत चार गोष्टी लिहायच्या होत्या: गाडी किती तास उभी होती, डिझेलचा काटा कुठे होता, गाडी सपाटीवर होती की उतारावर आणि तोंड कुठल्या बाजूला, आणि सेल्फ किती लांबला. न अडलेल्या दिवसांच्या नोंदी मला जास्त हव्या होत्या. नुसते वाईट दिवस बघितले तर त्या सगळ्यांत सकाळ असते, गारवा असतो, गाडी रात्रभर उभी असते. चांगल्या दिवसांतही तेच असतं, हे नोंदी शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

वही चाळली तेव्हा थंडीचा मुद्दा अर्धवटच टिकला. कडक गारठ्याच्या काही सकाळी गाडी पहिल्या सेल्फला उचलली होती. अडलेल्या दिवसांत मात्र दोन गोष्टी जोडीने येत होत्या. काटा पाव टाकीच्या खाली, आणि गाडी रात्रभर चढावर, तोंड वरच्या बाजूला करून उभी. माल भरायच्या जागेजवळचा रस्ता चढाचा होता आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भरायचं असलं की गाडी तिथेच लावली जायची. एक नोंद या चौकटीत बसत नव्हती, टाकी अर्धी असूनही गाडी अडली होती. तिथे तासांचा रकाना बघितला तर गाडी सुट्टीमुळे दोन रात्री उभी होती, आणि तीही चढावरच.

चढाशी आणि काट्याशी इलेक्ट्रॉनिक्सला काही देणंघेणं नसतं. इंजेक्टरचं आतलं लीकेजही गाडीचं तोंड कुठे आहे हे बघत नाही. उतार आणि टाकीची पातळी यांचा संबंध येतो तो टाकीपासून पंपापर्यंत उभ्या राहिलेल्या डिझेलशी. इथून माझा संशय एअर घेण्यावर, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरण्यावर, गेला. पण मोजल्याशिवाय पार्टला हात लावायचा नाही, नाहीतर बॅटरी बदलणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

आकडे

आधी गाडी चांगल्या अवस्थेत असताना सगळं तपासलं. बॅटरीचा व्होल्टेज उभ्या गाडीत १२.६, सेल्फ मारताना १०.४, ९.६ च्या खाली गेला असता तर चिंता होती. इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामध्ये सेल्फ मारताना ०.२ व्होल्टची घट, म्हणजे अर्थिंग ठीक. सेल्फवर इंजिन २३० आरपीएमच्या आसपास फिरत होतं. हीटर प्लग चारही करंट घेत होते. स्कॅनरमध्ये फॉल्ट कोड नाही. रेल प्रेशर सेल्फ मारल्यावर सेकंदभरात २५० बारच्या वर. सगळं पास. दोष हजर नसताना केलेली तपासणी पास होणारच, म्हणून यावरून ‘गाडी ठीक आहे’ असं मी म्हटलं नाही. हे आकडे तुलनेसाठी ठेवले.

मग दोष मुद्दाम घडवून आणला. काटा पावच्या खाली येईपर्यंत गाडी चालवली, चढावर तोंड वर करून रात्रभर लावली आणि सकाळी चावी फिरवण्याआधी स्कॅनर जोडून आलेख सुरू केला. आरपीएमची रेघ २३० वर स्थिर. म्हणजे इंजिनाचा वेग मोजणाऱ्या क्रँक सेन्सरचा सिग्नल येत होता. तो बंद असता तर सेल्फ फिरत असताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसला असता. रेल प्रेशर मात्र २०-३० बारवर लोळत पडलेला. सात-आठ सेकंद तसाच. मग करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होत चढायला लागला, २०० पार केले आणि त्याच क्षणी इंजिनाने उचललं.

अनेक कॉमन रेल इंजिनांत सेल्फ मारताना रेलमधला दाब साधारण २०० ते २५० बारपर्यंत गेल्याशिवाय कंट्रोल युनिट (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही. नेमका आकडा कंपनीनुसार बदलतो. म्हणून सायलेन्सर कोरडा होता. दाब चढताना दिसलेले दातेही बोलके होते, कारण हवा दाबली जाते, डिझेल जवळपास दाबलं जात नाही. पंपात डिझेलबरोबर हवेचे गोळे येत असले की एक धक्का दाब देतो, पुढचा वाया जातो.

रेलमध्ये दाब न चढण्याची कारणं तीन घरांत मावतात. पंपापर्यंत डिझेल पोचत नाही. पंप किंवा त्यात किती डिझेल शिरायचं ते ठरवणारा सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह काम करत नाही. किंवा दाब तयार होतो, पण इंजेक्टरच्या रिटर्नमधून (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीतून) अथवा रेलच्या प्रेशर लिमिटरमधून निसटतो. तिसऱ्या घरातला दोष गरम इंजिनावर जास्त छळतो, कारण तापलेलं डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या जागेतून लवकर सुटतं. या गाडीची एकही नोंद गरम इंजिनाची नव्हती. तक्रार ‘तासभर चालवून चहाला थांबलो आणि परत उचलेना’ अशी असती, तर मी सरळ प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला बाटली लावून चौघांचं लीकेज शेजारी शेजारी मोजलं असतं, आणि क्रँक सेन्सर तापल्यावर सिग्नल सोडतो का ते बघितलं असतं.

पहिलं आणि दुसरं घर वेगळं करायला हँड प्राइमर, म्हणजे लाइनमध्ये हाताने डिझेल भरायचा छोटा पंप, पुरतो. पण तो पहिल्या सकाळी दाबायचा नाही. दाबला की डिझेल भरतं, पुरावा पुसला जातो आणि आलेख मिळत नाही. म्हणून पहिल्या सकाळी फक्त आलेख घेतला. पुन्हा तशीच रात्र, तसाच चढ, तसाच काटा, आणि या वेळी सेल्फच्या आधी प्राइमर दाबला. सुरुवातीला तो अगदी पोकळ गेला, हाताला काही लागतच नव्हतं. बऱ्याच दाबांनंतर कडक झाला. चावी फिरवली, गाडी एका झटक्यात चालू. पंप, व्हॉल्व्ह आणि इंजेक्टर तिन्ही निर्दोष सुटले, आणि खोलायला सांगितलेलं ते मोठं काम रद्द झालं.

हवा शिरते कुठून

या गाडीच्या टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही. हाय प्रेशर पंपाच्याच अंगात बसवलेला छोटा फीड पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. त्यामुळे टाकी ते पंप हा सगळा रस्ता ओढीखाली असतो. तिथे फट पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली थेंब नाही, पाइपावर ओल नाही, वास नाही, म्हणून ‘लीकेज कुठेच नाही’ असं प्रत्येकाने खात्रीने सांगितलं होतं. गाडी उभी असतानाही ओढ संपत नाही. डिझेलचा फिल्टर टाकीपेक्षा उंचावर असतो आणि मधल्या डिझेलचं वजन खाली खेचत राहतं. स्ट्रॉच्या वरच्या टोकावर बोट ठेवून ती ग्लासातून उचलली तर आतलं पाणी तसंच राहतं, बोट किंचित उचललं की सरकन खाली उतरतं. फट म्हणजे ते किंचित उचललेलं बोट.

आता वहीतल्या नोंदींना आकडे लावून बघा. सपाट जागा आणि टाकी भरलेली असताना फिल्टर डिझेलच्या पातळीपेक्षा अंदाजे ३० सेंटिमीटर वर होता. टाकी तळाला गेली की पातळी आणखी २५ सेंटिमीटरने उतरते. टाकी ते फिल्टर हे आडवं अंतर सुमारे २ मीटर. दहाला एक अशा चढावर त्याचे आणखी २० सेंटिमीटर वाढतात. म्हणजे ३० चे झाले ७५. एक मीटर उंचीचं डिझेल साधारण ०.०८ बार इतकी ओढ देतं, तेव्हा फटीवरची ओढ ०.०२४ वरून ०.०६ बारवर, अडीचपट गेली. आकडे लहान आहेत, पण केसाएवढ्या फटीला ओलसर रबर एका ओढीला धरून ठेवतं आणि अडीचपट ओढीला सोडून देतं. गारठ्यात रबर कडक होतं आणि थोडं आकसतं, त्यामुळे मालकांच्या थंडीच्या मतातही तथ्य होतंच. नुसती थंडी पुरेशी नव्हती, एवढंच.

जागा शोधायला पारदर्शक नळीचे दोन तुकडे लावले. इथे एक काळजी घेतली. फिल्टरवरचा एकही जॉइंट हलवला नाही. पहिला तुकडा फिल्टरच्या अलीकडे, चासीवरच्या जोडापाशी. दुसरा फिल्टरच्या पलीकडे, पंपाच्या टोकाला. संशयित जॉइंट काढून पुन्हा बसवला तर रबर नव्याने बसतं, दोष काही दिवस लपतो आणि आपण परत अंधारात. नळ्या जोडताना शिरलेली हवा निघून जाईपर्यंत इंजिन चालवलं, मग बघत बसलो. अलीकडच्या नळीत डिझेल काचेसारखं स्वच्छ. पलीकडच्या नळीत मोहरीच्या दाण्याहून बारीक बुडबुडे, नळीच्या वरच्या कडेला चिकटून एकामागे एक सरकणारे. ॲक्सिलरेटर दिला की त्यांची रांग दाट व्हायची. काही गाड्यांत गरम रिटर्न डिझेलचा एक वाटा पुन्हा फिल्टरमध्ये सोडलेला असतो आणि त्यातून बुडबुडे येऊन माणूस फसतो, म्हणून तो रस्ताही तात्पुरता वेगळा करून बघितला. बुडबुडे तसेच.

हवा फिल्टरच्या हाउसिंगमध्येच शिरत होती, पण तिथे उमेदवार बरेच: फिल्टरचं सील, प्राइमरचा तळ, डिझेलमधलं पाणी ओळखणाऱ्या सेन्सरची ओ-रिंग (रबरी कडं), दोन्ही कनेक्टर. ओढीखाली फट दिसत नाही, तेव्हा ओढीचं दाबात रूपांतर केलं. चासीवरच्या जोडातून हातपंपाने अर्ध्या बारपेक्षा कमी दाब दिला, पंपाकडचं टोक बंद केलं, सगळे जॉइंट कोरडे पुसले आणि वाट बघितली. थोड्या वेळाने फिल्टरच्या बाहेर जाणाऱ्या नळीच्या प्लॅस्टिक कनेक्टरखाली एक चकचकीत कड उमटली. कनेक्टर बोटाने बाजूला रेटला की थेंब धरायचा, सोडला की थांबायचा. बाकी सगळे जॉइंट कोरडे.

हे सगळं काम कमी दाबाच्या बाजूचं आहे, हे लक्षात असू द्या. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनांत इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून एअर काढायची सवय अनेक हातांना आहे. कॉमन रेलवर ते कधीही करू नका. इथे चालू इंजिनात दाब १६०० बार आणि त्याहून वरही जातो आणि तो फवारा कातडीतून आत घुसतो. दिसायला टाचणीएवढी जखम, पण ती तातडीने शस्त्रक्रिया लागणारी असते. दुसरी गोष्ट स्टार्टिंग स्प्रेची. हीटर प्लग तापलेले असताना हवेच्या वाटेत इथरचा फवारा मारला तर तो वेळेआधी भडकतो आणि पिस्टन तुटू शकतो. सकाळी घाईत हा मोह होतो, म्हणून मुद्दाम लिहितोय.

कनेक्टरच्या आत

कनेक्टर उतरवून भिंगाखाली धरला. आत दोन छोट्या ओ-रिंग. बाहेरच्या रिंगची कड एका बाजूने चेपून सपाट झालेली आणि आतल्या रिंगवर तिरपा, नखाने चाचपला तरच कळेल असा काप. कापाची दिशा बघता नळी सरळ न ओढता बाजूला मुरगाळून काढली होती, हे उघड होतं. मालकांना विचारलं, “फिल्टर कधी बदलला होता?” तक्रार सुरू होण्याच्या काही आठवडे आधी, सर्व्हिसिंगमध्ये. त्यांनी तो संबंध जोडला नव्हता आणि त्यात त्यांची चूक नाही. सर्व्हिसिंगनंतर गाडी रोज व्यवस्थित उचलत होती. टाकी तळाला आणि गाडी चढावर, असा योग जुळेपर्यंत तो काप गप्प बसला. बॅटरी आणि प्लग बदलल्यावर मिळालेले बरे दिवसही वहीसारख्याच हिशेबाने सुटतात: त्या दिवसांत लांबच्या फेऱ्या होत्या, टाकी वरचेवर भरली जात होती.

या कनेक्टरची ओ-रिंग सुटी मिळत नव्हती, म्हणून दोन्ही टोकांच्या कनेक्टरसकट नळीच नवी टाकली. मापात बसणारी दुसरी एखादी रिंग घालणं शक्य होतं, पण साधं रबर डिझेलमध्ये फुगतं आणि काही महिन्यांनी तोच खेळ पुन्हा सुरू होतो. जुनी आणि नवी नळी व्हॅक्यूम पंपावर लावून बघितली. जुनीवर व्हॅक्यूमचा काटा डोळ्यांदेखत उतरत गेला, नवीवर हलला नाही.

गाडी लगेच चालू झाली म्हणून काम संपलं असं इथे म्हणता येत नाही, ती आधीही बहुतेक वेळा लगेच चालू होत होती. दुरुस्तीची परीक्षा त्याच वाईट परिस्थितीत घ्यायला हवी. काटा तळाला, तोंड चढाकडे, एक रात्र आणि मग सलग दोन रात्री. दोन्ही सकाळी आलेखात रेल प्रेशर सेकंदभरात २५० बारच्या वर, रेघ सरळ, दाते नाहीत. पारदर्शक नळीत डिझेल जागच्या जागी उभं. लांबलेल्या सेल्फचा ताण सेल्फवर पडला होता, म्हणून त्याचे ब्रश बघून घेतले, ठीक निघाले. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही आणि मध्ये अर्धा मिनिट तरी थांबायचं, हे मालकांना सांगितलं.

जाताना मालकांनी विचारलं, “टाकीकडच्या लाइनमध्ये एक वनवे व्हॉल्व्ह टाकून दिला असता तर? आमच्याकडे बरेच जण टाकतात.” टाकला असता तर सकाळचा त्रास बहुधा थांबला असता, कारण उभ्या गाडीत डिझेल मागे गेलं नसतं. पण चालत्या गाडीत काप तसाच हवा ओढत राहिला असता. हाय प्रेशर पंपाला दुसरं वंगण नसतं. तो डिझेलवरच सरकतो, आणि बुडबुड्यांवर चालणारा पंप आतून घासला जातो. त्याचा भुगा रेलमध्ये आणि इंजेक्टरमध्ये गेला की आधी सुचवलेलं ते मोठं काम खरोखरच करावं लागलं असतं. म्हणून व्हॉल्व्ह टाकला नाही. पुढच्या फिल्टरच्या वेळी कनेक्टरचे दोन्ही खटके एकदम दाबून नळी सरळ रेषेत ओढायची, टोकांवर टोप्या चढवायच्या आणि नळी बसवताना रिंगला स्वच्छ डिझेलचं बोट लावायचं, एवढं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिलं.